साठीनंतर बुद्धिबळाची रेटेड टूर्नामेंट खेळायचीय? मग आधी हे वाचा

रिटायर झाल्यावर परत पटावर बसणारे बरेच जण पहिल्याच टूर्नामेंटमध्ये दहा-अकरा वर्षांच्या पोराकडून हरतात आणि घरी येऊन म्हणतात, झालं, आता आपलं डोकं चालत नाही. मला हे अजिबात पटत नाही. ग्रँडमास्टर व्हिक्टर कोर्चनोई बघा ना, 2011 ला जिब्राल्टरमध्ये वय 79, समोर 18 वर्षांचा फाबियानो कारुआना, रेटिंग (स्पर्धांतल्या निकालांवरून ठरणारा ताकदीचा आकडा) 2721, आणि याने काळी मोहरी घेऊन त्याला हरवलं! त्याच वर्षी 80 पूर्ण झाल्यावर स्वित्झर्लंडचा चॅम्पियनपण झाला. डोकं चालतं हो, आधी दमतं ते शरीर, आणि चौथ्या तासाला शरीर दमलं की मग डोकं चुकतं. म्हणजे ताकद वाचवायची कुठे आणि खर्च करायची कुठे, एवढंच शिकायचंय.

सगळ्यात आधी टूर्नामेंट नीट निवडा. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी दिवसाला दोन क्लासिकल, म्हणजे कित्येक तास चालणारे, राउंड असतात, ते साठीनंतर फार जड जातं, दिवसाला एक राउंड असलेली मिळाली तर तीच घ्या, नाहीतर माहितीपत्रकात अर्ध्या पॉइंटचा बाय (एक राउंड न खेळता अर्धा पॉइंट) देतात का ते बघून आधीच मागून ठेवा. बाय घेण्यात कमीपणा काही नाही, एक दुपार झोप मिळाली की पुढचे दोन डाव सुधारतात.

ओपनिंगचं, म्हणजे डावाच्या सुरुवातीच्या चालींचं म्हणाल तर पोरांशी पाठांतरात स्पर्धा करू नका, ते इंजिन (बुद्धिबळाचा कॉम्प्युटर प्रोग्रॅम) लावून वीस-वीस चाली पाठ करून येतात. पांढऱ्याने एक, काळ्याने एक असं ठरवा आणि त्यातली प्याद्यांची रचना मुरवून घ्या, कुठलं प्यादं कधी ढकलायचं, कुठला उंट मारून टाकायचा, हे हातात बसलं पाहिजे. कोर्चनोई आयुष्यभर फ्रेंच डिफेन्स (पांढऱ्याने राजासमोरचं प्यादं ढकललं की काळ्याने द्यायचं एक उत्तर) खेळत राहिला, जर्मन ग्रँडमास्टर वोल्फगांग उलमान तर त्या प्याद्याला जवळजवळ फक्त फ्रेंचनेच उत्तर द्यायचा. हे दोघं 2014 ला लाइपझिगमध्ये समोरासमोर बसले तेव्हा कोर्चनोई 83 वर्षांचा होता, स्ट्रोक येऊन गेलेला, व्हीलचेअरवर, आणि दोन्ही डाव त्याने जिंकले.

खरा वेळ द्यायचा तो एंडगेमला, म्हणजे मोजकी मोहरी उरल्यावरच्या खेळाला. माजी जगज्जेता वासिली स्मिस्लोव 1984 ला 63 व्या वर्षी कँडिडेट्सची (जगज्जेत्याला आव्हान कोण देणार ते ठरवणारी स्पर्धा) फायनल खेळला, समोर 20 वर्षांचा कास्पारोव, पुढे जगज्जेता झालेला. हरला तो, पण त्या वयात तिथवर गेला, आणि त्याचं एंडगेमचं ज्ञान तर सगळ्या जगाने मानलेलं. रोज अर्धा तास फक्त हत्तीचे शेवट करा, लुसेना आणि फिलिडोर या त्यातल्या दोन पायाभूत पोझिशन्स झोपेतही मांडता आल्या पाहिजेत. मी हे कळकळीने सांगतोय कारण मागच्या वर्षी माझ्याकडे एक प्यादं जास्त होतं, घड्याळात दोन मिनिटं उरलेली, हत्ती उचलला आणि बोटं सुटायच्या आधीच दिसलं की घोड्याचा शह बसतोय, पण हात लावलेला, म्हणजे तोच हत्ती खेळावा लागणार, काय करणार. ते अजून टोचतं.

त्यावर उपाय असा की चाल ठरली की हात टेबलाखाली ठेवायचे आणि पटाकडे नव्याने बघायचं, समोरच्याचा शह कुठे, मार कुठे, धमकी कुठे, मगच हात वर. पूर्वी बरेच जण आधी स्कोअरशीटवर चाल लिहून मग खेळायचे, ती सवय असेल तर मोडा, आता नियमात बसत नाही. आणि 30 सेकंद इन्क्रिमेंट (दर चालीला घड्याळात मिळणारा जादा वेळ) असेल तर शेवटच्या पाच मिनिटांतही चाली लिहाव्याच लागतात, त्यामुळे घरी डिजिटल घड्याळ लावून, चष्मा घालून, लिहीत लिहीत खेळायचा सराव करा.

बाकी जेवण हलकं, पाणी जवळ, औषधांचं आर्बिटरला (पंचांना) आधी सांगून ठेवा.

जमायला लागलं की सिनियर गटांकडे बघा, जागतिक सिनियर स्पर्धेत 50 च्या वरचा आणि 65 च्या वरचा असे दोन गट असतात. जॉर्जियाच्या माजी महिला जगज्जेत्या नोना गाप्रिंदाश्विली 2022 ला आसिसीत 65 च्या वरच्या महिलांमध्ये जिंकल्या, वय 81. पण पोरांशी खेळणं सोडू नका हं, हरलात तरी लगेच उठून जायचं नाही, दहा मिनिटं त्याच्यासोबत डाव परत मांडा आणि एकच विचारा, "बाळा, तुला भीती कुठल्या चालीला वाटली होती?" तो पटकन दाखवतो, ती चाल घरी जाऊन वहीत लिहून ठेवा.