मठातल्या चित्रांच्या प्रती: आधी वेष वाचा, मग रंग कालवा

चर्चसाठी, मठांच्या सभागृहांसाठी जुन्या चित्रांच्या हातानं रंगवलेल्या प्रती करून द्यायचं काम मी बरीच वर्षं करतोय. कामं मुख्यतः वसईकडून आणि गोव्यातून येतात. शिकायला आलेली मुलं येशू-मरियेच्या चित्रांना लगेच हात घालतात. धर्मभगिनींचं रोजचं जगणं दाखवणारं चित्र दिलं की नाक मुरडतात. ‘यात काळ्या-पांढऱ्याशिवाय आहे काय?’ म्हणतात. खरी मेख तिथंच आहे.

अशा चित्रात चेहऱ्याआधी वेष वाचता यायला हवा. कार्मेलाइट संघाच्या भगिनींचा झगा तपकिरी, वर पांढरा क्लोक, म्हणजे खांद्यावरून घ्यायचा सैल झूल. डॉमिनिकन संघाचं उलटं: झगा पांढरा, क्लोक काळा. क्लारिस्त संघाच्या भगिनींच्या कमरेला गाठी मारलेली दोरी. ऑगस्टिनियन संघाचा झगा काळा, कमरेला चामडी पट्टा. व्रतं घेतलेल्या भगिनीच्या डोक्यावर बहुधा काळं शिरोवस्त्र, नोव्हिसच्या, म्हणजे अजून व्रतं न घेतलेल्या उमेदवार भगिनीच्या, डोक्यावर पांढरं. दोरीच्या जागी पट्टा रंगवलात तर तुम्ही त्या बाईचा संघच बदललात, आणि मठातली कुणीही सिस्टर ते दारातूनच ओळखेल. चित्र कलासमीक्षकाच्या नव्हे, तिच्या नजरेखालून जाणार असतं.

सरावाला मी एकच चित्र सुचवतो. फिलिप द शांपेन या चित्रकाराचं १६६२ सालचं, पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात असलेलं. तो जन्मानं ब्रसेल्सचा, आयुष्य गेलं पॅरिसमध्ये. त्याची मुलगी कॅथरिन पोर-रोयालच्या मठात धर्मभगिनी होती. १६६० पासून तिच्या पायांतली शक्ती गेली होती. मठातल्या मदर आन्येस आर्नो यांनी तिच्यासाठी नोव्हेना, म्हणजे नऊ दिवसांची प्रार्थना, केली आणि जानेवारी १६६२ मध्ये ती चालायला लागली. बापानं नवस फेडावा तसं हे चित्र काढून मठाला दिलं. माहीमच्या चर्चमधली बुधवारची नोव्हेनाची गर्दी पाहिलेल्याला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही.

पण चित्रात चमत्काराचा गाजावाजा नाही. ना देवदूत, ना ढग. करडी भिंत, भिंतीवर लाकडी क्रूस, गवती बैठकीची खुर्ची. एक बाई गुडघे टेकून, दुसरी पाय स्टुलावर लांब करून हात जोडलेली. दोघींच्या मध्ये प्रकाशाचा एक झोत. दोघींच्या पांढऱ्या स्कॅप्युलरवर, म्हणजे झग्यावर पुढं-मागं सोडलेल्या लांब पट्टीवर, मोठा लाल क्रूस. सगळ्या चित्रात ठळक रंग तेवढाच, म्हणून तो सगळ्यात शेवटी लावा. आधी लावलात की डोळा तिथंच अडकतो आणि उरलेला करडा रंग फिका वाटून तुम्ही तो उगाच गडद करत बसता. मी खाली कॅडमियम रेड लावतो. ते पूर्ण वाळलं की वर अलिझरीन या गडद लाल रंगाचा पातळ हात.

पांढऱ्याबद्दल थोडं जास्त सांगतो. ट्यूबमधला पांढरा जसाच्या तसा कुठंही लावू नका. जुने चित्रकार लेड व्हाइट वापरत. ते विषारी, आणि ऊबदार. आपला टिटॅनियम व्हाइट थंड आणि झाकणारा. त्यात कणभर यलो ऑकर, म्हणजे मातकट पिवळा, घाला. सावलीसाठी आयव्हरी ब्लॅक आणि ऑकर मिसळलं की किंचित हिरवट करडा मिळतो. जाड लोकरीच्या घडीत तोच शोभतो, निळसर नाही. निखळ उजेड फक्त घडीच्या कडेला. खालच्या थरात तेल कमी, वरच्या थरात जास्त, हा नियम पावसाळ्यात तर मोडूच नका. कोकणातल्या दमट हवेत थर वाळायला लागणारा वेळ गिऱ्हाइकाला आधीच सांगून ठेवा.

आणि एकाच फोटोवर विसंबू नका. जुनं व्हार्निश पिवळं पडलेलं असतं आणि इंटरनेटवर तर एकच झगा तीन रंगांत दिसतो.

मोठं चित्र झेपत नसेल तर माग्देलेन ऑर्तेमेल्स या बाईंची कोरीवचित्रं घ्या. त्याच पोर-रोयालची: भोजनगृह, आजाऱ्यांची सेवा, दानधर्म, मिरवणूक. चौदाव्या लुईच्या हुकमानं १७०९ मध्ये भगिनींना तिथून हाकललं आणि पुढं मठ पाडून टाकला. त्या चित्रांवरून गवाशमध्येही, म्हणजे अपारदर्शक जलरंगातही, प्रती झाल्या. आता तिथलं भोजनगृह कसं दिसायचं ते या प्रतींवरूनच कळतं, त्यामुळे टेबलं आणि खिडक्या मनानं कमी-जास्त करायची मुभा तुम्हाला नाही. आपल्याकडंही हे नवं नाही. जॉन ग्रिफिथ्स आणि जे. जे.च्या विद्यार्थ्यांनी १८७२ पासून अजिंठ्याच्या प्रती केल्या, त्यातल्या कितीतरी १८८५ मध्ये लंडनच्या आगीत गेल्या. तीही भिक्षूंच्या विहारांतलीच चित्रं.

जवळ पाहायचं असेल तर जुन्या गोव्यातलं सांता मोनिका. सतराव्या शतकातला ऑगस्टिनियन भगिनींचा मठ. ख्रिश्चन आर्ट म्युझियम आता तिथंच आहे. तिथल्या जिन्यांचा, खिडक्यांतल्या उजेडाचा अंदाज घेऊन या. फोटोत तो कळत नाही.

पैशांचं बोलायचं तर चौरस फुटावर दर लावू नका. शांपेनचं मूळ चित्र १६५ बाय २२९ सेंटिमीटरचं आहे, पण वेळ भिंतीला लागत नाही, चार हातांना आणि दोन चेहऱ्यांना लागतो. दर आकृत्यांवर ठरवा. लूव्रमध्ये परवानगी काढून चित्रासमोर बसून प्रत करता येते. मात्र मूळ मापाचीच प्रत तिथं करू देत नाहीत आणि चित्रकाराची सहीही उतरवू देत नाहीत. घरी काम करतानाही हे दोन्ही नियम पाळा. कॅनव्हासच्या मागं प्रत असल्याचं, तुमचं नाव आणि साल लिहा, आणि व्हार्निशची घाई गिऱ्हाईक कितीही करो, काही महिने थांबाच.