कॉलेजात आपले राजकीय मत एकटे पडले तर

राज्यशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात सत्ताधारी पक्षाची बाजू घेणारा विद्यार्थी आणि अभियांत्रिकीच्या वसतिगृहात त्याच पक्षावर टीका करणारी विद्यार्थिनी यांची मते एकमेकांच्या विरुद्ध असली, तरी दोघांची अडचण सारखीच असते. बोलावे तर खोली, मेस आणि अंतर्गत गुण या तिन्हींची काळजी वाटते आणि गप्प बसावे तर मनात घुसमट होते. अशा वेळी एक भेद आधीच पक्का करावा. मत न सांगण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे आणि तो निःसंकोच वापरावा. मात्र न पटलेल्या मताला केवळ सोबतीखातर होकार देऊ नये, कारण पुढे खरे मत सांगायची वेळ आली की तो जुना होकारच आड येतो.

आपण खरोखर किती एकटे आहोत, हेही तपासून पाहावे. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर राजकारणावर लिहिणारे मोजकेच असतात आणि उरलेल्यांच्या मौनाला आपण उगीचच संमती समजतो. त्या मौनी मंडळींशी एकेकट्याने, चहाच्या निमित्ताने बोलल्यास बहुतेकांचे मत अर्धवट किंवा डळमळीत असल्याचे आढळते, काहींना तर या विषयाचाच कंटाळा आलेला असतो.

महाराष्ट्रातील कॉलेजांत सर्वाधिक जपून बोलावे असा विषय आरक्षणाचा आहे, कारण तेथे समोरचा विद्यार्थी धोरणाविषयी बोलताना स्वतःच्या प्रवेशाविषयी आणि घराविषयीही बोलत असतो. बाजू कोणतीही असो, कोणाचे गुण, कोणाचा प्रवर्ग किंवा कोणाचे जातप्रमाणपत्र यांचा उल्लेख वादात करू नये. त्याऐवजी घटनाक्रम नीट माहीत असावा. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९२ च्या इंद्रा साहनी निकालाने आरक्षणावर घातलेली ५० टक्क्यांची मर्यादा, मराठा आरक्षणाचा २०१८ चा कायदा, तो रद्द करणारा सर्वोच्च न्यायालयाचा मे २०२१ चा निकाल आणि फेब्रुवारी २०२४ चा १० टक्क्यांचा नवा कायदा एवढे क्रमाने सांगता आले, तरी अल्पमतातल्या माणसाचे म्हणणे ऐकून घेतले जाते. बहुमतातल्याला घोषणेवर भागवता येते. अल्पमतातल्याला अभ्यास करावा लागतो. हे अन्यायाचे आहे, पण तसेच आहे.

मतभेद आणि मैत्री यांचा विषय निघाला की टिळक-आगरकरांचे नाव हमखास घेतले जाते. डेक्कन कॉलेजातले हे मित्र १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र राहिले, १८८७ मध्ये आगरकरांनी ‘केसरी’ सोडला आणि १८९५ मध्ये ते गेल्यावर टिळकांनी त्यांच्यावर मृत्युलेख लिहिला, हे सारे खरे आहे. मात्र मधल्या वर्षांत या दोघांत पुरेशी कटुता आली होती, आणि तिला सामाजिक सुधारणेच्या वादाइतकेच डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या कारभाराचे व मानधनाचे वादही कारणीभूत होते, ही बाजू सहसा सांगितली जात नाही. वसतिगृहात राहणाऱ्यांनी यातून घेण्यासारखी गोष्ट अगदी व्यावहारिक आहे: मेसचे बिल, खोलीची झाडलोट आणि रात्रीचा दिवा यांचे हिशेब रूममेटशी वेगळे व वेळच्या वेळी मिटवावेत, म्हणजे ते निवडणुकीच्या वादात उसळून वर येणार नाहीत.

लेखी मजकुराबाबत अधिक सावध राहावे. नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना एका फेसबुक पोस्टवरून अटक झाली होती. त्या प्रकरणातून उभ्या राहिलेल्या याचिकेवर मार्च २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ऑनलाइन आक्षेपार्ह मजकूर पाठवणे गुन्हा ठरवणारे माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ रद्द केले. तरीही गटांमध्ये वैर पसरवणे आणि धार्मिक भावना हेतुपुरस्सर दुखावणे हे भारतीय न्याय संहितेनुसार आजही गुन्हे आहेत. रागाच्या भरात रात्री लिहिलेला मजकूर सकाळी वाचून मगच पाठवावा.

प्राध्यापकांचे मत वेगळे असल्यास उत्तरपत्रिकेत आधी अभ्यासक्रमातील भूमिका तिच्या सर्वांत भक्कम रूपात मांडावी आणि नंतर तिच्यावरील आक्षेप पुराव्यासह लिहावेत. बहुतेक शिक्षक अशा उत्तराला दाद देतात, आणि अन्याय झाल्याचा संशय आल्यास उपायही आहे: तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा परीक्षार्थीचा अधिकार माहिती अधिकार कायद्याखाली सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये मान्य केला आहे.

टोमणे सहन करता येतात. पण धमकी, खोलीबाहेर काढणे, मेसमध्ये ठरवून बहिष्कार किंवा ज्येष्ठांकडून छळ हा मतभेद राहत नाही. अशा वेळी तारीख, वेळ व साक्षीदार लिहून ठेवावेत, स्क्रीनशॉट जपावेत आणि रेक्टरकडे लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्यावी. छळ रॅगिंगच्या स्वरूपाचा असेल, तर विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या विनियमांनुसार रॅगिंगविरोधी समितीकडे किंवा १८००-१८०-५५२२ या क्रमांकावर तक्रार करता येते. आयोगाच्या २०२३ च्या विनियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समितीही असते. तिचा निर्णय मान्य नसल्यास १५ दिवसांच्या आत विद्यापीठाच्या लोकपालाकडे (ओम्बड्सपर्सन) अपील करावे लागते, म्हणून निर्णय हाती आल्याची तारीख त्याच कागदावर लिहून ठेवावी.