पेरोव्स्काइट सौरघट बनवताना या चुका टाळा

२००९ साली जपानमध्ये त्सुतोमु मियासाका यांच्या गटाने पेरोव्स्काइट (विशिष्ट स्फटिकरचनेचे, प्रकाश शोषणारे संयुग) वापरून केलेल्या सौरघटाची कार्यक्षमता ३.८ टक्के होती. आज प्रयोगशाळेतले लहान घट २६ टक्क्यांच्या पुढे गेले आहेत. हा आकडा गाठण्याच्या घाईत नवे संशोधक महागडी रसायने बदलत बसतात, पण दोष बहुधा कामाच्या सवयीत असतो.

बहुतेक घट फिल्म, म्हणजे पेरोव्स्काइटचा पातळ थर, बनवतानाच बिघडतात. डीएमएफ आणि डीएमएसओ या द्रावकांच्या मिश्रणातले द्रावण स्पिन कोटरवर (काच वेगाने फिरवून थर पसरवणाऱ्या यंत्रावर) फिरत असताना स्फटिक झटकन जमवणारे क्लोरोबेंझीन कोणत्या क्षणी सोडले, यावर पुढचे सगळे ठरते. पारदर्शक ओली फिल्म ढगाळ होण्याच्या किंचित आधी ते पडले, तर हॉटप्लेटवर आरशासारखी काळपट फिल्म तयार होते; उशीर झाला की ती करडी, धुरकट आणि बारीक छिद्रांची निघते. पहिल्या दोन काचा उत्तम आणि पाचवी धुरकट आली, तर द्रावणाला दोष देऊ नये, कारण कोटरमध्ये साचलेल्या द्रावकाच्या वाफेने फिल्म उशिरा वाळू लागते आणि तो क्षणच पुढे सरकतो. अशा वेळी ग्लोव्हबॉक्स (ज्यात हे काम चालते ती बंद पेटी) पर्ज करून, म्हणजे आतला वायू बदलून, मगच पुढची काच घ्यावी. तापमानाचीही गल्लत होते: मिथाइलअमोनियम असलेल्या पेरोव्स्काइटच्या कृतीतले १०० अंश सेल्सिअस फॉर्मॅमिडिनियम लेड आयोडाइड या दुसऱ्या पेरोव्स्काइटला पुरत नाहीत, त्याला १५० अंशांच्या आसपास तापवले नाही, तर निरुपयोगी पिवळी प्रावस्था (त्याच पदार्थाची वेगळी स्फटिकरचना) शिल्लक राहते.

मोजमापात व्होल्टेज वरून खाली आणताना मिळणारी कार्यक्षमता अनेकदा खालून वर नेताना मिळणाऱ्या कार्यक्षमतेपेक्षा जास्त दिसते. यातला फक्त सोयीचा आकडा लिहिणे ही चूक नव्हे, लबाडीच आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. दोन्ही दिशांचे आकडे द्यावेत, घट काही मिनिटे कमाल शक्तीच्या बिंदूवर (ज्या व्होल्टेजला सर्वाधिक वीज मिळते तिथे) चालवून पाहावा आणि मास्क (घटाचा ठरावीक भागच उघडा ठेवणारी झाकणी) लावल्याशिवाय मोजू नये, कारण कडेने शिरणारा प्रकाश विद्युतप्रवाह फुगवतो.

टिकाऊपणाच्या बाबतीत, नायट्रोजनमध्ये अंधारात ठेवलेला घट महिनाभर टिकला, याला फारसा अर्थ नाही. आयईसी ६१२१५ या सौर पॅनेलच्या आंतरराष्ट्रीय मानकातील एका चाचणीत पॅनेलला ८५ अंश सेल्सिअस आणि ८५ टक्के आर्द्रतेत १००० तास काढावे लागतात. स्पायरो-ओमेटॅडच्या (धन प्रभार इलेक्ट्रोडकडे नेणाऱ्या पदार्थाच्या) थरात घातलेले लिथियमचे मीठ हवेतला ओलावा ओढून घेते, त्यामुळे मुंबईच्या पावसाळ्यात उघड्यावर ठेवलेल्या घटाकडून अपेक्षा करू नये. चांदीचा इलेक्ट्रोड आयोडाइडशी अभिक्रिया करतो, तर सोने ७० अंशांच्या आसपास आतल्या थरांत झिरपू लागते. सीलबंद करताना नेहमीचे ईव्हीए (पॅनेल चिकटवून बंद करणारे प्लास्टिक) वापरल्यास त्यातून ॲसेटिक आम्ल सुटते. पॉलिओलेफिनची शीट आणि कडेला ब्युटाइल रबर हा अधिक सुरक्षित पर्याय आहे.

मेलेला घट टाकून देण्यापूर्वी काचेच्या बाजूने नीट पाहावा. कडेकडून पिवळेपणा आत सरकत असेल, तर सील गळते आहे आणि लेड आयोडाइड उरते आहे. रंग सर्वत्र काळा असूनही प्रवाह घसरला असेल, तर आधी इलेक्ट्रोड तपासावा.