कला जीवनगौरव जाहीर झाल्यावर घरच्यांनी आणि विद्यार्थ्यांनी करावयाची तयारी

महाराष्ट्र राज्य कला प्रदर्शनात चित्रकार वासुदेव गायतोंडे यांच्या नावाने दिला जाणारा कला जीवनगौरव पुरस्कार असो, बॉम्बे आर्ट सोसायटीचा ‘रूपधर’ पुरस्कार असो किंवा एखाद्या जिल्ह्यातील कलासंस्थेचा वार्षिक सन्मान असो, ज्येष्ठ चित्रकाराचे किंवा शिल्पकाराचे नाव जाहीर झाले की खरी धावपळ त्यांच्या घरच्यांची आणि विद्यार्थ्यांची होते. संस्थेला परिचय हवा असतो, छायाचित्रे हवी असतात आणि बहुधा निवडक मूळ कामेही मांडायची असतात. आमच्या सरांच्या सन्मानाच्या वेळी या तयारीतील एक गोष्ट राहून गेली आणि ती नंतर कशानेही भरून निघाली नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. शाल, श्रीफळ, निमंत्रणपत्रिका यांविषयी काही लिहीत नाही. ती कामे पाहणारी माणसे सगळीकडे असतात.

सर्वांत आधी, फ्रेमवाल्याला फोन करण्याच्याही आधी, प्रत्येक चित्र भिंतीवरून उतरवून पालथे करावे आणि त्याच्या मागच्या बाजूचे छायाचित्र घ्यावे. जुन्या कॅनव्हासच्या पाठीवर जे असते ते दुसरीकडे कुठेही नसते. स्ट्रेचरच्या, म्हणजे कॅनव्हास ताणून बसवलेल्या लाकडी चौकटीच्या, आडव्या पट्टीवर गंजलेल्या खिळ्यांच्या मधोमध एखाद्या वार्षिक प्रदर्शनाची पिवळी पडलेली चिठ्ठी असते. तिच्यावर प्रवेश क्रमांक, त्या वेळी मागितलेली किंमत आणि चित्रकार तेव्हा राहत असलेल्या चाळीतील खोलीचा पत्ता असतो. कोपऱ्यात कोळशाने लिहिलेले साल असते, कधी आधी ठरवून नंतर खोडलेले शीर्षक असते. आम्ही चित्रे सरळ नव्या फ्रेमसाठी धाडली. कारागिराने जुने कागद काढून टाकले, स्ट्रेचर बदलले आणि पाठीमागे कोरे प्लाय ठोकून चित्रे नीटनेटकी करून दिली. त्याचा दोष नाही, कारण त्याला कोणी काही सांगितलेच नव्हते. मात्र त्यानंतर काही चित्रांची साले सरांनाही सांगता आली नाहीत आणि सन्मानाच्या वेळी छापलेल्या पुस्तिकेत त्या जागा मोकळ्या राहिल्या.

ज्या गायतोंड्यांच्या नावाने हा पुरस्कार दिला जातो त्यांच्या अनेक कॅनव्हासांवर सही आणि साल पाठीमागेच आहे. चित्रकार सय्यद हैदर रझा तर नाव, साल, शीर्षक, माप आणि माध्यम असे सगळे कॅनव्हासच्या पाठीवर लिहून ठेवत. तेव्हा समोरून सही दिसत नाही म्हणून चित्र विनासहीचे आहे, असे कोणी परस्पर लिहून मोकळे होऊ नये. आधी मागची बाजू पाहावी. पाठीवर कागद चिकटवलेला असेल तर तो ओढून फाडू नये; जाणकाराकडून सोडवून घ्यावा आणि जपून ठेवावा.

यानंतर कामांची यादी करावी. शीर्षक, साल, माध्यम, माप आणि सध्या काम कोणाकडे आहे, एवढ्या गोष्टी प्रत्येक कामापुढे असल्याच पाहिजेत. माप फ्रेम सोडून, सेंटिमीटरमध्ये, आधी उंची आणि मग रुंदी असे लिहावे. हा क्रम एकदा उलटला की आडवे चित्र पुस्तिकेत उभे होते. ‘मिश्र माध्यम’ एवढेच लिहून थांबू नये, काय काय वापरले ते विचारावे. ही विचारपूस कलाकाराबरोबर बसून, सकाळच्या वेळी, थोडी थोडी करावी आणि तेव्हा मागच्या बाजूंची छायाचित्रे त्यांच्यासमोर ठेवावीत. नुसते ‘हे कधीचे?’ असे विचारले तर वयोवृद्ध माणूस गोंधळतो. स्वतःच्या हातचे अक्षर किंवा जुना पत्ता दिसला की त्या वर्षीची बाकीची कामेही आठवू लागतात. सांगितलेले ध्वनिमुद्रित करून ठेवावे.

शिल्पांच्या बाबतीत मागची बाजू म्हणजे पाठ, बैठक आणि तळ. मातीकामाच्या वेळी कोरलेली सही, साल आणि ब्राँझ असल्यास ओतशाळेची खूण याच जागी सापडते. तळ पाहण्यासाठी शिल्प एकट्याने कलंडवू नये. छायाचित्रे चारही बाजूंनी घ्यावीत आणि पाचवे तळाचे. मूळ काम कशात आहे, ओतीव प्रत कशात आहे आणि प्रती किती काढल्या, हे वेगवेगळे लिहावे. प्लास्टरचे काम कच्चे समजून यादीतून गाळण्याची चूक घरचेच करतात. गणपतराव म्हात्रे यांची १८९६ सालची ‘मंदिरपथगामिनी’ प्लास्टरमधलीच आहे, विनायकराव करमरकरांनी सिमेंटमध्येही शिल्पे केली, आणि या दोघांना वगळून महाराष्ट्राच्या शिल्पकलेविषयी बोलताच येणार नाही. माळ्यावर गोणपाटात गुंडाळून ठेवलेले प्लास्टरचे मुखवटे आणि छोटी प्राथमिक शिल्पे खाली काढावीत. वजन अंदाजाने सांगू नये, प्रत्यक्ष करून कळवावे. त्यावर पेडेस्टल, म्हणजे शिल्प ठेवायचा चौथरा, ठरते आणि डुगडुगणाऱ्या पेडेस्टलवरून पडलेले प्लास्टर पुन्हा पहिल्यासारखे होत नाही.

छपाईसाठीची छायाचित्रे छायाचित्रकाराकडूनच काढून घ्यावीत. काचेमागील जलरंगचित्र फ्रेममधून बाहेर काढल्याशिवाय त्याचे छायाचित्र नीट येत नाही, आणि ते बाहेर काढले आहे तर मागची बाजूही त्याच वेळी टिपावी. व्हॉट्सअॅपवरून आलेले छायाचित्र छपाईला देऊ नये. ते लहान होऊन येते, यावर वाद घालण्यात वेळ दवडू नये.

इतरांकडे असलेली कामे मागताना लेखी पत्र द्यावे, नेण्याची आणि परत करण्याची तारीख त्यात लिहावी, कामाची आजची अवस्था मालकासमोर नोंदवावी आणि दोघांच्या सह्या घ्याव्यात. इथेही चित्र पालथे करून पाहू देण्याची परवानगी आधीच मागावी. एकदा ते मालकाच्या भिंतीवर परत गेले की ही संधी पुन्हा सहजी मिळत नाही. पुस्तिकेत छापण्याच्या हक्काविषयी बरेच गैरसमज असतात. चित्र विकले म्हणून त्याचा छपाईचा हक्क आपोआप विकला जात नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार तो सामान्यतः कलाकाराकडे आणि त्याच्या पश्चात ६० वर्षे वारसांकडे राहतो. कोणाच्या सांगण्यावरून मोबदला घेऊन केलेले व्यक्तिचित्र मात्र अपवाद आहे; वेगळा करार नसेल तर तिथे पहिला हक्क ते करवून घेणाऱ्याचा असतो. अशा चित्रासाठी विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

परिचय छोटा असावा आणि विशेषणांपेक्षा त्यात साले अधिक असावीत. शिक्षण, गुरू, नोकरी, प्रदर्शने, पारितोषिके आणि सार्वजनिक ठिकाणची कामे एवढे पुरते. पारितोषिकांची साले आठवणीवर सोडू नयेत. प्रमाणपत्रे, जुन्या पुस्तिका किंवा मागच्या बाजूच्या चिठ्ठ्या यांवरून पडताळावीत. नावाचे शुद्धलेखन कलाकाराकडून स्वतः तपासून घ्यावे, कारण तेच मानपत्रावर आणि स्मृतिचिन्हावर जाणार असते.

वाहतुकीसाठी तैलचित्राच्या पृष्ठभागाला बबल रॅप थेट लावू नये, त्याचे ठसे उमटतात; आत आम्लरहित कागद घालावा. शिल्प हाताला किंवा मानेला धरून उचलू नये, बैठकीला धरावे. पावसाळा असेल तर झाकलेला टेम्पो सांगावा. विमा मोठ्या कामांचा तरी उतरवावा.

समारंभाच्या दिवशी कलाकाराला जिना किती चढावा लागेल ते आदल्या दिवशी पाहून यावे. औषधे, पाणी, पाठ असलेली खुर्ची. भाषणे थोडी ठेवावीत, अशी विनंती आयोजकांना आधीच करावी आणि कलाकाराला बोलायचे नसेल तर आग्रह करू नये. साचे घेणारा कारागीर, मॉडेल म्हणून बसलेली माणसे, जुना फ्रेमवाला यांना निमंत्रण गेले आहे का, ते पाहावे.

समारंभानंतर कामे उतरवताना प्रत्येक कामाची अवस्था नोंदीशी ताडावी, मालकाकडून पोच घ्यावी. यादीची आणि सर्व छायाचित्रांची, मागच्या बाजूंच्या छायाचित्रांसह, एक प्रत घरी ठेवावी, एक जबाबदार विद्यार्थ्याकडे द्यावी आणि एक ज्या कलाशाळेत ते शिकले तिथल्या ग्रंथालयाला द्यावी.