किल्ल्याशेजारी मंगळ: दिवाळीच्या सुट्टीत अंगणात मंगळावरची वस्ती कशी बांधावी

थर्माकोलवर लाल रंग फासला की मंगळ होत नाही. वाटीनं खड्डे दाबले की विवरं होत नाहीत. दर दिवाळीला हाच सल्ला नव्यानं फिरतो, पोरं तसंच करतात आणि दुसऱ्या दिवशी कंटाळून सोडून देतात. मंगळ मातीतच बांधायचा असतो. घरात विज्ञानकथा वाचणारं कुणी असेल आणि अंगणात चार बाय तीन फुटांची जागा असेल, तर तीन संध्याकाळी पुरतात.

आमच्या घरी ही रीत कशी सुरू झाली ते सांगतो. २०१३ साली भाऊबीज ५ नोव्हेंबरला होती. ताईनं ओवाळलं, आम्ही जेवलो आणि दुपारी २ वाजून ३८ मिनिटांनी श्रीहरिकोट्याहून मंगळयान उडालं. अख्खं घर टीव्हीसमोर उभं होतं. पुढच्या वर्षी २४ सप्टेंबरला यान मंगळाच्या कक्षेत पोचलं आणि महिन्याभरानं आलेल्या दिवाळीत मी कोल्हापुरात, मंगळवार पेठेतल्या आमच्या अंगणात पहिला मंगळ बांधला. तेव्हापासून सुट्टीतला माझा सगळा वेळ तिथंच जातो: मी, माझी मुलगी, ताईची दोन मुलं, आणि देखरेखीला आई.

आधी महाराजांची जागा

पहिल्या वर्षी मी किल्ल्याच्या जागेवरच मंगळ मांडला. आई बाहेर आली, बघितलं आणि एवढंच म्हणाली, "अरं, मग महाराज कुठं बसणार?" त्या दिवशी ती माझ्याशी पुन्हा बोलली नाही. तिचं बरोबर होतं. कोल्हापुरात दिवाळीचा किल्ला आहे तिथंच राहतो. मंगळ त्याच्या शेजारी, वेगळ्या वाफ्यात, आणि उंचीनं खाली. हे आधी घरात ठरवून टाका, म्हणजे पुढं कुणाचं मन दुखत नाही.

दुसरं म्हणजे, किल्ला आणि मंगळावरची वस्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेतच कुठं? सुट्टी लागली की पहिल्याच दिवशी मुलांना घेऊन पन्हाळ्याला जा. वीसेक किलोमीटर आहे. जाताना वही घ्या. १६६० साली सिद्दी जौहरनं पन्हाळ्याला घातलेला वेढा चार महिन्यांहून जास्त चालला. बाहेरून काही येत नाही, आत आहे त्यावर माणसं जगवायची, हाच मंगळाचा प्रश्न आहे. अंबरखान्यात धान्याची गंगा, यमुना, सरस्वती ही तीन कोठारं बघा. अंधारबावीत विहीर इमारतीच्या पोटात कशी दडवली आहे ते बघा. मंगळावरही पाणी जमिनीखालच्या बर्फातूनच काढावं लागेल. तीन दरवाजातून जाताना एका दारातून दुसऱ्या दारात जायच्या मधल्या जागेत मुलांना थांबवा. मंगळावरच्या घराला असंच दुहेरी दार लागेल: बाहेरचं लागल्याशिवाय आतलं उघडायचं नाही, नाहीतर आतली हवा जाईल. माझ्या भाच्याला ही गोष्ट पुस्तकातून कधी कळली नव्हती. तिथं उभा राहिला आणि कळली. वस्तीचा नकाशा तिथंच बसून काढा.

पन्हाळ्यावरची माती मात्र उचलू नका. जांभ्याची लालभडक माती बघून मोह होतो, पण तो संरक्षित गड आहे, आणि २०२५ पासून जागतिक वारशाच्या यादीतही आहे. तालमीतली लाल मातीही मागू नका. ती हळद, तेल, ताक घालून मळलेली असते आणि पैलवान तिला पाया पडून उतरतात. ती खेळायला द्यायची वस्तू नाही. रोपवाटिकेत लाल माती पोत्यानं मिळते. दोन पोती आणा. लोहाच्या गंजामुळं ती लाल आहे, मंगळही लोहाच्या गंजामुळंच लाल आहे, त्यामुळं रंग लावायची गरजच पडत नाही.

विटांची कड लावा, तळाला पोतं अंथरा, चिखलाचा चार बोटं थर द्या आणि एक रात्र सुकू द्या.

डोंगर करणार असाल तर एकच सांगतो: टोकदार करू नका. ऑलिम्पस मॉन्स हा मंगळावरचा ज्वालामुखी सुमारे २२ किलोमीटर उंच आहे, पण त्याचा पायथा ६०० किलोमीटर रुंद आहे. म्हणजे तुमच्या अंगणात पायथा एक फूट धरला तर उंची जेमतेम अर्धा इंच. तव्यावरच्या घावनासारखा दिसला पाहिजे.

विवरं

इथं मी तीन दिवाळ्या घालवल्या, म्हणून सविस्तर सांगतो.

पहिल्या वर्षी ओल्या चिखलात गोट्या टाकल्या. गोटी चिखलात रुतून बसते, कड उचलली जात नाही, आणि गोटी उपटून काढली की नुसतं भोक राहतं. दुसऱ्या वर्षी कोरडी माती घेतली. विवरं अप्रतिम झाली, पण रात्रीच्या वाऱ्यानं आणि गल्लीतल्या फटाक्यांच्या हादऱ्यानं सकाळपर्यंत अर्धी बुजली. तिसऱ्या वर्षी वाटी दाबून बघितली, आणि ती सगळ्यात मोठी चूक होती. विवर वाटीसारखं खोल नसतंच. आपल्या महाराष्ट्रातलं लोणार आठवा. सुमारे १.८ किलोमीटर व्यास, आणि खोली दीडशे मीटरच्या आसपास. म्हणजे ते पसरट ताट आहे. शिवाय विवराला उचललेली कड असते आणि कडेबाहेर उडालेल्या मातीचा सडा असतो. वाटीनं यातलं काहीच येत नाही.

यातून वाट दाखवली आमच्या शेजारच्या काकांनी. त्यांनी आयुष्यभर फौंड्रीत साचे भरले. त्यांनी माझी माती हातात घेतली, मूठ दाबली, उघडली. गोळा फुटून सांडला. "पाणी कमी हाय," म्हणाले. थोडं शिंपडलं, पुन्हा मूठ दाबली. या वेळी बोटांचे ठसे उमटले आणि मधून मोडल्यावर गोळ्याचे दोनच स्वच्छ तुकडे झाले. हात जवळजवळ कोरडाच. हीच परीक्षा. मातीत किती पाणी घालायचं याची मापं कुणी सांगू लागलं तर ऐकू नका. प्रत्येक पोत्यातली माती वेगळी, त्या दिवशीची हवा वेगळी. मूठ खोटं बोलत नाही.

तर असं करा. सुकलेल्या चिखलावर मुठीच्या परीक्षेत उतरलेल्या दमट मातीचा दोन इंच थर द्या आणि हलक्या हातानं थापा. मोठी विवरं आधी, याच थरात. उथळ बशी सुलटी ठेवून दाबायची, एकदा फिरवायची, उचलायची. मग अंगठ्यानं कड बाहेरच्या बाजूनं वर ढकलायची. मोठी तीन-चार पुरे, पाचवं करू नका. खऱ्या ग्रहावर मोठी विवरं थोडी आणि लहान भरपूर असतात. सगळी सारख्या मापाची झाली की डोळ्याला खोटं कळतं.

त्यावर मैद्याच्या चाळणीनं पूर्ण कोरडी माती चाळा, पाऊण इंच. शेवटची चाळण गेरू मिसळलेल्या गडद मातीची घ्या, म्हणजे आघातानं खालची फिकी माती उडून बाहेर पडलेली दिसेल.

आता आघात. गोट्या वापरू नका. आमच्याकडं उद्यमनगरात, कारखान्यांच्या भागात, बेअरिंगचे जुने छर्रे मिळतात, वाटाण्यापासून लिंबाएवढ्या मापाचे. खांद्याच्या उंचीवरून सोडा, फेकू नका. छर्रा पडतो, माती फुलासारखी उडते, कड आपोआप तयार होते. आता तो हातानं काढायला गेलात तर सगळं मोडेल. जुन्या स्पीकरचं चुंबक दोरीला बांधून वरून सोडा. छर्रा अलगद वर येतो आणि विवर जसंच्या तसं राहतं. हे सुचलं माझ्या मुलीला, ती तेव्हा नऊ वर्षांची होती.

एक छर्रा जुन्या विवराच्या कडेवर मुद्दाम पाडा. नवं विवर जुन्याची कड कापतं, आणि त्यावरून आधी कुठलं आणि नंतर कुठलं हे ओळखता येतं. शास्त्रज्ञ दुसऱ्या ग्रहांच्या जमिनीचं वय ताडताना हेच बघतात. भाचा विचारतो, तिरका मारला तर लांबट होईल का? अंगणात होतं. पण खऱ्या आघातात वेग सेकंदाला कित्येक किलोमीटर असतो, दगड जमिनीत शिरताच स्फोटासारखी ऊर्जा सुटते, म्हणून फार तिरका मारा सोडला तर विवर गोलच होतं.

स्फोट म्हटलं की पोरांना सुतळी बॉम्ब आठवतो. मातीत फटाका पुरून विवर करायचं नाही. आमच्याकडं एका वर्षी लवंगीनंच उडालेला खडा पोराच्या पापणीला लागला. एका बोटाच्या अंतरानं डोळा वाचला. मोठी माणसं जवळ असली तरी नाही, लहान फटाका असला तरी नाही.

राहिलं टिकवणं. अर्धा लिटर पाण्यात दोन चमचे पांढरा गोंद नीट ढवळा आणि बारीक फवाऱ्याच्या बाटलीत भरा. मैद्याची खळ वापरू नका, मुंग्या येतात. फवारा मातीवर रोखलात तर थेंबच आपली विवरं पाडतील. बाटली दोन-तीन फूट वर धरून आडवा फवारायचा आणि तुषार आपोआप खाली उतरू द्यायचे. ही युक्ती बायकोची. ती साडीला इस्त्री करताना पाणी असंच मारते. अर्ध्या अर्ध्या तासानं तीन हात द्या. सकाळी वर पापुद्रा धरलेला असेल.

परतीचा पाऊस आला तर प्लास्टिक काठ्यांवर उंच ताणा. मातीवर टेकवलेलं प्लास्टिक सगळा पापुद्रा घेऊन निघतं.

वस्ती

पणत्या पालथ्या घाला आणि अर्ध्या मातीत पुरा, झाली घरं. पुरायच्याच, कारण मंगळाची हवा आपल्या हवेच्या एक टक्क्याहूनही विरळ आहे, ग्रहभर पसरलेलं चुंबकीय क्षेत्र नाही, त्यामुळं किरणांपासून वाचायला माणसाला मातीच अंगावर ओढून घ्यावी लागेल. दाराला दुहेरी खोली, तीन दरवाजासारखी.

किल्ल्यावर आपण मोहरी, अळीव टाकतो ते इथं उघड्यावर टाकू नका. पारदर्शक पेल्याखाली पेरा, वसुबारसेच्या चार दिवस आधी. मंगळाच्या मातीत परक्लोरेट नावाचे क्षार आहेत, ती माती धुतल्याशिवाय पीक घेता येणार नाही. लाल मैदानात तेवढाच एक हिरवा ठिपका दिसला की आई दहा वेळा येऊन बघून जाते.

उजेड वरून द्यायचा नाही. लायटिंगची माळ गुंडाळली की सगळी विवरं सपाट दिसतात. एकच बॅटरी, एका कोपऱ्यात, जमिनीला जवळजवळ टेकवून. नोव्हेंबरच्या ९, १० आणि ११ तारखेला मावळतीची किरणं महाद्वारातून आडवी येऊन अंबाबाईच्या मूर्तीवर चढतात, तसा आडवा उजेड हवा. आईला मी असंच सांगितलं आणि बॅटरी कुठं ठेवायची ते तेव्हापासून तीच ठरवते.

संध्याकाळी

बॅटरी लावली की घरातले दिवे घालवा आणि एक विज्ञानकथा मोठ्यानं वाचा. मराठीत लिहिलेलीच घ्या, दिवाळी अंकांत मिळते. वीस मिनिटांहून लांब नको. जयंत नारळीकर १९३८ साली आपल्या कोल्हापुरात जन्मले, हे मी दर वर्षी पहिल्या दिवशी सांगतो. या गोष्टी परगावच्या नाहीत हे मुलांना कळलं पाहिजे.

मग निरोपाचा खेळ. मंगळावरचा संदेश पृथ्वीवर पोचायला अंतराप्रमाणं ३ ते २२ मिनिटं लागतात. मुलं अंगणात मंगळवासी, मोठी माणसं स्वयंपाकघरात पृथ्वीवासी. चिठ्ठी लिहायची, दारातल्या डब्यात टाकायची. दहा मिनिटांनी उघडायची, उत्तरही दहा मिनिटांनी. "चकल्या संपल्या" याला उत्तर यायला वीस मिनिटं जातात, आणि तोवर मुलं आपसांत वाटणी करायला शिकतात. एका वर्षी ताईनं पृथ्वीवरून लिहिलं होतं, "तिथं एकटं वाटतं का?" भाच्यानं दहा मिनिटं थांबून उत्तर पाठवलं, "वाटतं, पण तुझी चिठ्ठी वाटेत आहे हे माहीत असतं." ती चिठ्ठी ताईनं देवघराच्या खणात ठेवली आहे.

मोडताना

तुळशीच्या लग्नापर्यंत ठेवा. मग पापुद्रा फोडून माती कुंड्यांत घाला. गोंद इतका थोडा असतो की झाडांना काही होत नाही. छर्रे पुसून, तेलाचा हात लावून, डब्यात घट्ट बंद करा, नाहीतर पुढच्या वर्षी गंजलेले निघतात. महाराजांची मूर्ती आमच्याकडं आईच उचलते, पुसते आणि कपाटात ठेवते. मंगळाचा नकाशा घडी करून ती त्याच कप्प्यात सरकवते.