आधी फक्की, मग कुदळ: गल्लीत झाडं आणि पार कसा आणायचा

आमची गल्ली पुण्यात सहकारनगरात, तळजाई टेकडीच्या उताराला. लांबी १४० मीटर, कंपाउंडच्या भिंतीपासून समोरच्या भिंतीपर्यंत रुंदी ९ मीटर. जुनी झाडं दोनच उरली होती, एक करंज आणि एक शिरीष, आणि दोघांच्या बुंध्याला काँक्रीट अगदी चिकटलेलं. बाकी सगळी जागा गाड्यांची. २५ सप्टेंबर २०१९च्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, तेव्हा आमच्या गल्लीतून पाणी लोंढ्यासारखं खाली गेलं. खाली ओढ्याकाठी माणसं वाहून गेली. आपल्या दारात पडलेला पाऊस आपण जमिनीत जिरू देत नाही, खालच्यांच्या अंगावर सोडतो, हे त्या रात्री मनाला फार लागलं.

मी आयुष्यभर जमिनीखालच्या केबल जोडण्याचं काम केलं. चर घेताना झाडाचं मूळ आडवं आलं की ते तोडायचं आणि पुढे सरकायचं, असंच आम्ही करत आलो. अशी झाडं काही वर्षांनी वळवाच्या वाऱ्यात मुळासकट आडवी होताना मी पाहिली आहेत. म्हणून जे लिहितोय ते बरंचसं जमिनीखालून सुरू होतं. पण खणण्याआधी चार-सहा महिन्यांचं काम असतं, ते आधी सांगतो.

पहिलं काम मोजणी. तीस मीटरची टेप, दोन माणसं आणि एक वही पुरे. एकदा पहाटे मोजा आणि एकदा रात्री अकराला, सगळ्या गाड्या परत आल्यावर. गेट, दिव्याचे खांब, विजेच्या डीपी पेट्या, ड्रेनेजची चेंबरं, पावसाळी गटाराच्या जाळ्या, वरून जाणाऱ्या तारा, सगळं वहीत काढा. आमच्या ९ मीटरची वाटणी शेवटी अशी झाली: मध्ये ५ मीटर रस्ता, एका बाजूला २ मीटरचा फूटपाथ, दुसऱ्या बाजूला २ मीटरचा पार्किंगचा पट्टा, आणि त्या पट्ट्यात दोन गाड्यांमागे एक झाड. पाच मीटरमधून दोन गाड्या सावकाश निघतात आणि अग्निशमनचा बंबही जातो. फूटपाथवर कर्ब, म्हणजे कडेचा दगडी काठ, सोडून १.८ मीटर सलग मोकळं राहिलंच पाहिजे. इंडियन रोड्स काँग्रेसचं तेच माप आहे, कारण तेवढ्यात दोन व्हीलचेअर समोरासमोरून जाऊ शकतात. कर्ब १५ सेंटिमीटरपेक्षा उंच घेऊ देऊ नका. गुडघे दुखणारा माणूस उंच फूटपाथ सोडून रस्त्यावरूनच चालतो.

गाड्यांचा हिशोब मात्र नीट करा, सगळं तिथेच अडतं. रात्री आमच्या गल्लीत ३१ चारचाकी उभ्या असत. त्यांतल्या ९ बाहेरच्या, ३ वर्षानुवर्षं न हललेल्या, आणि आमच्या स्वतःच्या १९. मग आम्ही इमारतींच्या तळमजल्यावरची पार्किंगं पाहिली. तिथे जुनी कपाटं, फुटक्या टाक्या, मोडक्या सायकली. ते सामान हललं आणि ६ गाड्या आत गेल्या. राहिल्या १३, आणि नव्या आखणीत जागा होत्या १८. हा आकडा वहीत होता म्हणून पुढचं बोलणं झालं. ‘झाडं लावूया’ म्हटलं की सगळे हो म्हणतात. माझ्या गेटसमोर नको, पानं पडतात, पक्षी गाडी घाण करतात, हे नंतर येतं. म्हणून सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढू नका, तिथे चारचौघांत एकदा ‘नाही’ म्हटलेला माणूस मागे येत नाही. संध्याकाळी एकेकाच्या घरी जा, चहा घ्या, वही उघडा.

आणि दिवसभर रस्त्यावर असतो त्या माणसाला सगळ्यांच्या आधी विचारा. आमच्याकडे वळणावर इस्त्रीच्या मावशी सकाळी आठ ते रात्री आठ उभ्या असतात. मे महिन्यात दुपारी दोनला ऊन कुठे येतं, पाऊस पडला की पाणी कुठे तुंबतं, शाळेची व्हॅन कुठे थांबते आणि पोरं कुठून धावत रस्ता ओलांडतात, हे त्यांनी उभ्या-उभ्या सांगितलं. आम्ही बंगल्या-फ्लॅटवाल्यांनी वीस वर्षांत ते पाहिलं नव्हतं. शेवटी त्या म्हणाल्या, ‘‘दादा, सावली करा, पण माझी टपरी नका हलवू.’’ पार त्यांच्या टपरीला धरून आखला तो म्हणून. भाजीच्या हातगाडीलाही तिथेच जागा ठेवली. असल्या कामात गरिबाची जागा पहिली जाते. ती गेली तर त्या पारावर बसायला मला तरी आवडलं नसतं.

मग फक्की. कोजागरीच्या दोन दिवस आधी आम्ही महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाला आणि वाहतूक पोलिसांना पत्र दिलं, पोच घेतली, आणि चुन्याच्या फक्कीने सगळी आखणी रस्त्यावर उतरवली. फूटपाथच्या कडेला वाळूच्या गोण्या, झाडांच्या जागी रंगाचे रिकामे डबे माती भरून, पाराच्या जागी गणपती मंडळाच्या सतरंज्या. कोजागरीचं दूध तिथेच आटवलं. दुसऱ्या दिवशी सगळं उचलायचं नाही, चार आठवडे तसंच ठेवायचं. तिसऱ्याच दिवशी घंटागाडी वळणावर अडकली. गोण्या दीड मीटर मागे घेतल्या, प्रश्न मिटला. हाच कर्ब काँक्रीटचा असता तर फोडावा लागला असता. पार्किंगवरून सगळ्यात जास्त विरोध करणारे एक काका दुसऱ्या आठवड्यात आपल्या आईला वॉकर घेऊन त्या गोण्यांच्या आतून चालवत होते. नकाशा दाखवून मी त्यांना कधीच पटवू शकलो नसतो. फोटो काढा, तारखेसकट, रोज त्याच जागेवरून.

पैशांसाठी महापालिकेचं सहभागी अंदाजपत्रक आहे. पुण्यात ते २००६-०७ पासून चालू आहे. नागरिकांकडून कामं साधारण पावसाळ्यात मागवतात, अर्ज क्षेत्रीय कार्यालयात द्यायचा. ‘रस्ता सुशोभीकरण’ असं मोघम लिहू नका, त्या शब्दाखाली कारंजं आणि रंगीत टाइल्स येऊ शकतात. लांबी, रुंदी, कर्बची उंची, झाडांच्या खड्ड्यांची संख्या आणि माप, सगळं लिहा. सोबत फोटो आणि घरवार सह्या जोडा. रस्त्यांच्या रचनेची मार्गदर्शक तत्त्वं पालिकेने २०१६ मध्येच स्वीकारली आहेत, अर्जात त्यांचा उल्लेख करा. शंका काढणाऱ्यांना जंगली महाराज रस्त्यावर घेऊन जा. जुनी झाडं जागेवर ठेवून रुंद फूटपाथ, बाकं आणि मुलांची खेळणी कशी बसतात ते तिथे चालून बघता येतं.

आता जमिनीखालचं. झाडाच्या प्रत्येक जागी आधी हाताने चाचणी खड्डा घ्या. जेसीबी नको, कितीही घाई असो. विटांचा किंवा फरश्यांचा थर लागला की खाली विजेची केबल आहे असं समजा आणि थांबा. पिवळी इशारापट्टी दिसली तर गॅसची लाइन. आमच्या ११ जागांपैकी ३ अशा सरकवाव्या लागल्या. जुन्या झाडाचं मनगटाएवढं मूळ लागलं तर खड्डा बाजूला घ्या, मूळ तोडू नका.

खड्डा आम्ही २ मीटर लांब, २ मीटर रुंद, १ मीटर खोल घेतला. जागा कमी असेल तर रुंदी कमी करा, पण खोली एक मीटर ठेवाच. पुण्यात रस्त्याखाली निघतो मुरूम आणि राडारोडा. तो सगळा बाहेर काढा, काळी माती, थोडा मुरूम आणि कुजलेलं शेणखत भरा. खड्डे उन्हाळ्यात घेऊन महिनाभर तापू द्या. लावणी जूनमध्ये दोन-तीन चांगले पाऊस झाल्यावर.

कुठलं झाड, यावर आमच्यात सगळ्यात जास्त वाद झाला. बहावा सगळ्यांना हवा असतो. फुलतो एप्रिल-मेमध्ये, पण नेमकी तेव्हाच त्याची पानं विरळ असतात आणि सावली आपल्याला तेव्हाच हवी असते. म्हणून एकच लावला, पाराजवळ. मुख्य झाड करंज, कारण उन्हाळा तापायच्या आत त्याला नवी पालवी आलेली असते आणि सावली दाट पडते. तारांखाली ताम्हण आणि कांचन, मोकळ्या बाजूला दोन कडुनिंब. जांभूळ रस्त्याच्या कडेला नको, पडलेल्या फळांवरून दुचाकी घसरतात. गुलमोहर मूळचा मादागास्करचा, दिसतो सुंदर, पण मुळं उथळ आणि फांद्या ठिसूळ. लहान गल्लीत मी तो लावू देणार नाही. रोप आठ फुटांपेक्षा लहान घेऊ नका, नाहीतर गाडी लावताना कुणीतरी मोडतंच.

उताराच्या गल्लीत झाडाचं आळं रस्त्यापेक्षा १० सेंटिमीटर खाली ठेवा आणि कर्बमध्ये वरच्या बाजूने फट सोडा, म्हणजे पाणी आळ्यात शिरतं. आत दगडांचे छोटे बांध घाला, नाहीतर माती वाहून जाते. आळं रस्त्यापेक्षा उंच बांधण्याची सवय ठेकेदारांना पडलेली असते, त्यामुळे त्या दिवशी तिथे उभं राहा. आम्ही नव्हतो, आणि दोन आळी पुन्हा करावी लागली.

पाराबद्दल मला कळकळीने सांगायचंय. गावाकडे वडाभोवती पार असतो तसा बांधायचा म्हणून लोक बुंध्याभोवती सिमेंटची गोल भिंत घालतात आणि आत मातीचा ढीग टाकतात. साल कुजते, मुळं गुदमरतात. झाडाभोवती एक मीटर काँक्रीट नको, हा राष्ट्रीय हरित लवादाचा २०१३चा आदेश आहे. आमच्या करंजाचं काँक्रीट आम्ही छन्नी-हातोड्याने काढलं, ब्रेकर लावला नाही. तीन रविवार लागले. मग बुंध्यापासून दीड मीटर सोडून काळ्या दगडाचा कट्टा केला, ४५ सेंटिमीटर उंच, सलग नाही, चार तुकड्यांत, मधून पाणी आणि माणूस दोन्ही जातील असा. शिरिषाची एक फांदी दिव्याच्या आड येत होती. तिच्यासाठी महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज केला, कारण १९७५च्या झाडांच्या कायद्यानुसार परवानगीशिवाय हात लावता येत नाही. तोवर आम्ही दिवाच खाली, फांदीच्या खालच्या पातळीवर घेऊन मागितला आणि फांदी राहिली.

पारावर रात्री दहानंतर बसायचं नाही, असं समोरच्या दोन घरांना आम्ही काम सुरू होण्याआधीच शब्द देऊन ठरवलं. हे आधीच करा.

पाणी पहिले दोन उन्हाळे, आठवड्यातून दोनदा, झाडामागे एक बादली. प्रत्येक झाड एका घराच्या नावावर, इस्त्रीच्या मावशींकडे बहावा. पालापाचोळा आळ्यातच घाला, जाळू नका. रोप बांबूला सुतळीने आठच्या आकड्यात बांधा, तार वापरू नका. आणि तिसऱ्या वर्षी लोखंडी गार्ड काढून टाका, नाहीतर ते सालीत रुततात. आमच्याकडचे नऊ निघालेत. वरच्या टोकाच्या दोन कडुनिंबांचे बोल्ट गंजलेत, त्यांना काल तेल सोडून आलोय. रविवारी सकाळी पान्हा घेऊन जायचंय.