शुगर आणि नजर: या चुका टाळा

मधुमेहाचं निदान होतं, गोळ्या सुरू होतात आणि आठ-पंधरा दिवसांत जवळची अक्षरं पुसट दिसायला लागतात. गोळ्यांनीच डोळे बिघडवले, असं म्हणत माणूस तडक नवा चष्मा करायला जातो. महिनाभरात तोही चष्मा लागेनासा होतो आणि खणात पडून राहतो.

दोष ना गोळ्यांचा, ना चष्म्याचा. साखर बराच काळ चढलेली राहिली की डोळ्यातल्या भिंगात सॉर्बिटॉल हा साखरेपासून बनणारा पदार्थ साठतो, तो पाणी ओढतो, भिंग फुगतं आणि नंबर बहुधा उणेकडे सरकतो. उपचारांनी साखर उतरली की तो अधिकच्या बाजूला झुकतो आणि स्थिरावायला काही आठवडे घेतो. म्हणून साखर चार ते सहा आठवडे एका पातळीवर टिकल्यावरच नंबर काढावा. तोवर वाचण्यापुरता साधा तयार चष्मा चालतो.

याची उलटी बाजूही आहे. साठीतला माणूस एके दिवशी चष्म्याविना बारीक अक्षर वाचतो आणि घरभर कौतुक होतं. खरं तर तेव्हा शुगर तपासायला हवी. मोतीबिंदूची सुरुवातही अशीच फसवते.

आता सगळ्यात महागात पडणारा गैरसमज: ‘नंबर तपासला, म्हणजे डोळे तपासले.’ तक्त्यावरची शेवटची ओळ घडाघडा वाचणाऱ्याच्या डोळ्याच्या आतल्या पडद्यावरही (रेटिनावरही) रक्तवाहिन्या झिरपत असू शकतात. रेटिनोपथी, म्हणजे मधुमेहामुळे या पडद्याला होणारी इजा, सुरुवातीला दुखत नाही, खुपत नाही, धूसरही दिसत नाही. त्यासाठी बाहुली मोठी करणारे थेंब घालून पडदा पाहावा लागतो किंवा त्याचा फोटो काढावा लागतो. टाइप 2 असेल तर निदान होताच, टाइप 1 असेल तर पाच वर्षांच्या आत आणि पुढे साधारण दरवर्षी. थेंबांनंतर काही तास उजेड डोळ्यांत घुसतो, वाचता येत नाही, म्हणून लोक टाळाटाळ करतात. गॉगल न्या, गाडी दुसऱ्याला चालवू द्या, झालं.

बरीच वर्षं चढलेली साखर झपाट्याने खाली आणायची असेल, तर त्याआधी पडदा दाखवून घ्या. आधीची रेटिनोपथी अशा वेळी काही काळ बळावू शकते. पण त्यापायी उपचार लांबवू नका, मधुमेहाच्या आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना एकमेकांचे कागद दाखवा. गरोदरपणातही ही तपासणी लवकर हवी.

एकाएकी अंधुक किंवा दोन-दोन दिसतंय, घाम फुटलाय, हात थरथरताहेत? चष्मा पुसत बसू नका, ग्लुकोमीटर काढा. आकडा 70 mg/dL च्या खाली असेल तर 15 ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर घ्या आणि 15 मिनिटांनी पुन्हा मोजा. गाडी चालवत असाल तर आधी ती बाजूला घ्या.

पण प्रत्येक धूसरपणा साखरेच्या माथी मारू नका. अचानक काळे ठिपके, विजेसारखे चमकारे किंवा नजरेवर पडदा ओढल्यासारखं वाटलं, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा.

एक डोळा मंदावला तर दुसरा सांभाळून घेतो, त्यामुळे कित्येक महिने पत्ता लागत नाही. अधूनमधून एकेक डोळा झाकून खिडकीच्या गजांकडे पाहा. सरळ गज मध्येच वाकलेला दिसला तर पडद्याच्या मध्यभागी सूज असू शकते. मग वार्षिक तपासणीची तारीख येईपर्यंत थांबू नका.